चूक समोरच्याची, मग नो क्लेम बोनस माझा का गेला?



गाडीच्या विम्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून दुकानात एकच विषय चाललाय. वायर घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा बिल करता करता विचारतं, "सर, ते नो क्लेमचं परत एकदा सांगा ना." व्हिडिओत चौदा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं, पण आकडेमोड घाईत झाली. आणि एक गोष्ट तर मी मुद्दाम वगळली होती, कारण ती माझ्या एका विद्यार्थिनीची आहे आणि तिला विचारल्याशिवाय सांगायची नव्हती. आता तिने हो म्हटलंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी माझी स्वतःची हकिकत.

गेल्या वर्षी जानेवारीत इंदापूरला एका बॅचचं शेवटचं सेशन घेतलं आणि संध्याकाळी बारामतीकडे निघालो. गळिताचा हंगाम. आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको, त्या दिवसांत निमगाव केतकीपासून भवानीनगरपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. लासुर्ण्याच्या अलीकडे शेतातल्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन डांबरीवर चढत होता. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे काढली, तरी डावा कोपरा घासलाच. बंपर, हेडलाइट, फेंडर गेलं, बॉनेट वाकलं. माणसं सगळी सुखरूप, हे महत्त्वाचं. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीतला, घाबरून गेला होता. "दादा, माझं चुकलं" असं त्याने स्वतःहून म्हटलं. मी फोटो काढले, नंबर लिहून घेतला, विमा कंपनीला तिथूनच फोन केला आणि गाडी तशीच हळूहळू बारामतीला आणली.

माझी पॉलिसी फेब्रुवारीत संपत होती. आणि अपघाताच्या बरोबर आठवडाभर आधी माझ्या एजंट काकांनी व्हॉट्सॲपवर रिन्युअलचं कोटेशन पाठवलं होतं: ९,८७२ रुपये. ४५ टक्के नो क्लेम बोनस धरून. अपघातानंतर क्लेम टाकला, गाडी गॅरेजला गेली, आणि रिन्युअलच्या वेळी काकांचा दुसरा मेसेज आला: १४,६५१ रुपये.

मी भडकलो. खोटं कशाला सांगू, काकांशी चांगलं वीस मिनिटं भांडलो. माझे मुद्दे तीन होते. एक, चूक ट्रॉलीवाल्याची होती. दोन, क्लेमचे पैसे अजून मिळालेलेच नाहीत, मग क्लेम झाला कसा? तीन, तुम्ही लेखी कोटेशन दिलंय, आता फिरवता काय?

काका शांतपणे म्हणाले, "अरे, तू लोकांना धंदा शिकवतोस ना? पॉलिसीची मागची पानं वाच जरा."

वाचली. माझे तिन्ही मुद्दे चुकीचे निघाले.

पहिला मुद्दा सगळ्यांनाच टोचतो. आपल्याला वाटतं हा बोनस नीट गाडी चालवण्याचं बक्षीस आहे. तसं नाही. नावातच आहे, नो क्लेम. तुम्ही वर्षभरात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे कंपनीकडे मागितले नाहीत, याची ती सवलत आहे. चूक कोणाची, हा प्रश्न त्या हिशोबात येतच नाही. तुम्ही सिग्नलला उभे होता आणि मागून कोणी येऊन ठोकलं, तरी तुमच्या पॉलिसीवर क्लेम घेतला की बोनस शून्य. ज्यांचे नातेवाईक इंग्लंडला असतात त्यांनी ऐकलेलं असतं की तिकडे दुसऱ्याच्या विमा कंपनीकडून पूर्ण वसुली झाली तर सवलत सहसा शाबूत राहते. तिकडचं तिकडे. आपल्याकडे ट्रॉलीवाल्याच्या विम्यातून भरपाई हवी असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात स्वतंत्र दावा लावावा लागतो. तीस-पस्तीस हजारांसाठी वकील, तारखा आणि दुकान बंद ठेवून कोर्टाच्या पायऱ्या, कोण करतंय?

दुसरा मुद्दा, पैसे मिळाले नाहीत हा. नियमाचे शब्द असे आहेत की मागच्या पूर्ण वर्षात क्लेम केलेला नसावा आणि प्रलंबितही नसावा. प्रलंबित! म्हणजे फाइल उघडी असेल तरी बोनस नाही. क्लेम नोंदवला आणि नंतर मागे घेतला, कंपनीचा एक रुपयाही गेला नाही, तर बोनस सहसा राहतो. पण ते 'शून्य रक्कम, फाइल बंद' असं कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरच्या "हो सर, झालं सर" ला काही किंमत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर तर मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या दुकानात गिऱ्हाईक जानेवारीत वायरच्या बंडलचं कोटेशन घेऊन जातं आणि तांबं वाढल्यावर मार्चमध्ये तोच भाव मागतं, तेव्हा मी काय म्हणतो? "कोटेशन त्या दिवसाचं होतं." विम्याचं कोटेशनही त्या दिवशीच्या माहितीवर असतं. आणि समजा मी हुशारी करून अपघाताआधीच पैसे भरून टाकले असते, तरी जुन्या पॉलिसीच्या मुदतीत क्लेम पडल्यावर कंपनीने बोनसची रक्कम परत मागितली असती.

आता आकडे. ९,८७२ चे १४,६५१ कसे झाले ते नीट बघा, कारण दोन कोटेशनची तुलना करताना बहुतेक जण फक्त शेवटची रक्कम बघतात.

गाडीच्या विम्यात दोन भाग. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. त्याचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखा. माझी गाडी १००० ते १५०० सीसीमधली, १ जून २०२२ पासूनच्या दराने ३,४१६ रुपये. यावर कोणताही बोनस मिळत नाही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. याचे दर २००७ पासून खुले झालेत, म्हणून कंपनीगणिक फरक पडतो. माझं ओन डॅमेज बोनसआधी ९,००० रुपये होतं. बोनस फक्त या ९,००० वर. ४५ टक्के गेले की उरले ४,९५०. त्यात थर्ड पार्टी ३,४१६ मिळवा, ८,३६६ झाले. वर १८ टक्के जीएसटी, ९,८७२. बोनस शून्य केला तर ९,००० अधिक ३,४१६, त्यावर जीएसटी, १४,६५१. (मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आणि इतर ॲड-ऑन मी बाजूला ठेवलेत, नाहीतर गोंधळ होतो.)

फरक ४,७७९ रुपयांचा. लोक इथेच थांबतात. म्हणतात, पाच हजार गेले ना, जाऊ दे, क्लेमचे तर पंचवीस हजार मिळतायत. पण मित्रांनो, आपण धंदेवाले आहोत. खर्च एका वर्षाचा नाही, तो पुढच्या वर्षांवर पसरलेला आहे.

बोनसची शिडी अशी आहे: पहिलं वर्ष बिनक्लेमचं गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. त्याच्या वर नाही. क्लेम घेतला की एक पायरी खाली नाही येत, थेट जमिनीवर. हे जुन्या मोटार टॅरिफमधलं कोष्टक आहे, कंपन्या आजही तेच चालवतात, तरी आपल्या पॉलिसीवर काय छापलंय ते एकदा बघून घ्या.

आता माझं गणित. माझ्या चालू पॉलिसीत ३५ टक्के होते. क्लेम घेतला नसता तर पुढची वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० अशी गेली असती. क्लेम घेतल्यामुळे ०, २०, २५, ३५, ४५ अशी जाणार. दर वर्षाचा फरक काढा: ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२० टक्के. म्हणजे माझ्या ओन डॅमेज रकमेच्या १.२ पट. ९,००० गुणिले १.२ झाले १०,८००, आणि जीएसटीसह १२,७४४. गाडी जुनी होते तशी मूळ रक्कम उतरते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, दहा ते बारा हजार धरा.

ही माझ्या क्लेमची खरी किंमत. ४,७७९ नाही.

हे गणित तुमच्यासाठी मी वहीत मांडून ठेवलंय. आत्ता चालू पॉलिसीत तुमचा बोनस शून्य असेल तर क्लेमची किंमत ओन डॅमेजच्या साधारण अर्धी. २० टक्के असेल तर ०.८ पट. २५ वर असाल तर १.०५ पट, ३५ वर १.२ पट, आणि ४५ किंवा ५० वर असाल तर सव्वा पट. एवढे पाच आकडे गाडीच्या कागदांच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवा. ठोकल्यावर डोकं चालत नाही, तेव्हा ते कामाला येतात.

ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला हातात नक्की किती पडणार तेही काढायला हवं, आणि ती रक्कम गॅरेजच्या एस्टिमेटएवढी कधीच नसते. माझं एस्टिमेट ३६,००० चं होतं. प्लास्टिक-रबरच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात: बंपर, ग्रील, हेडलाइट मिळून १४,००० चे ७,००० राहिले. पत्र्याच्या पार्टचा घसारा गाडीच्या वयावर. माझी गाडी तीन ते चार वर्षांतली, म्हणून २५ टक्के, १०,००० चे ७,५००. काचेवर घसारा नाही, माझी काच फुटली नव्हती. रंगकाम ८,००० चं, त्यातला चौथा हिस्सा मालाचा धरून त्याच्या निम्मे कापले, ७,००० राहिले. मजुरी ४,००० पूर्ण. बेरीज २५,५००. त्यातून सक्तीची कपात १,००० (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,०००, वरच्याला २,०००). हातात २४,५००. सर्व्हेअरने बंपर रिपेअर होईल की बदलायचा यावर थोडी घासाघीस केली, पण शेवटी पटला.

२४,५०० मिळाले, बारा हजारांच्या आसपास जाणार. म्हणजे माझा क्लेम बरोबर होता, भांडण चुकीचं होतं. काकांना पेढे नेऊन दिले.

आमच्या भिगवण चौकातल्या मोबाईलवाल्या मित्राचं मात्र उलटं झालं. पार्किंगमध्ये मागचा बंपर आणि टेललाइट गेला, बिल ८,००० चं. "विमा कशाला भरतो मग?" म्हणून त्याने क्लेम टाकला. सगळं कापून हातात आले चार हजार. तो २५ टक्क्यांवर होता, ओन डॅमेज ८,००० चं. १.०५ ने गुणा, जीएसटी लावा: ९,९०० च्या आसपास. चार हजार मिळवायला त्याने जवळपास दहा हजार घालवले, आणि वर महिनाभर सगळ्यांना सांगत होता की कंपनीकडून पैसे काढले. गाडीच्या विम्यात एक नो क्लेम बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन मिळतं, त्यात ठरावीक क्लेमपर्यंत बोनस टिकतो. तुम्ही ४५-५० वर असाल आणि रोज इंदापूर, दौंड, फलटण फिरत असाल, तर त्याची किंमत विचारून बघा. पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्यात दम नाही.

आता ती गोष्ट.

इंदापूर तालुक्यातली एक ताई. मसाले आणि चटण्या करते, चार बायकांना काम देते, आमच्या दुसऱ्या बॅचची विद्यार्थिनी. तिने जुनी हॅचबॅक घेतली होती, दोन वर्षांनी एक क्लेम झाला. रिन्युअलच्या वेळी तिलाही माझ्यासारखाच झटका बसला. तेव्हा ओळखीच्या एकाने सांगितलं, "ताई, ही कंपनी सोडा, दुसऱ्या कंपनीत ऑनलाइन काढून देतो, पाच हजार वाचतील." त्याने फॉर्म भरला. 'मागच्या वर्षी क्लेम घेतला का?' या प्रश्नापुढे 'नाही' वर टिक केली. ताईला फक्त रक्कम दिसली आणि ओटीपी. तिने ओटीपी सांगितला.

पुढे सात-आठ महिन्यांनी पावसात गाडी चारीत गेली. खर्च लाखाच्या वर. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे विचारणा केली, मागचा क्लेम बाहेर आला आणि पत्र आलं: चुकीची माहिती देऊन बोनस घेतला, क्लेम नामंजूर.

दिवाळीच्या तोंडावर गाडी गॅरेजमध्ये अडकली. अकलूज आणि बारामतीच्या ऑर्डर भाड्याच्या टेम्पोने पोचवल्या, दोन हुकल्या. फोनवर ती रडली नाही, फक्त एवढंच म्हणाली, "सर, मी खोटं बोललेच नाही हो. मला विचारलंच कुणी नाही."

मित्रांनो, इथे मी तिला खोटा धीर दिला नाही. कारण फॉर्मवर, म्हणजे ज्याला आपण 'पुढे, पुढे, ओके' करत जातो त्यावर, स्पष्ट लिहिलेलं असतं की बोनसची माहिती चुकीची निघाली तर ओन डॅमेजचे सगळे फायदे जप्त. ओटीपी तुमचा म्हणजे सही तुमची. आणि 'कोण बघतंय' हा काळ गेला. २००९ पासून इन्शुरन्स इन्फॉर्मेशन ब्युरो ऑफ इंडिया नावाची संस्था आहे, कंपन्यांची पॉलिसी आणि क्लेमची माहिती तिथे जमा होते. गाडी नंबर टाकला की मागचं दिसू शकतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. कंपनीवरही जबाबदारी आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगत नाही. मोटार टॅरिफच्या नियम २७ मध्ये लिहिलंय की ज्या कंपनीने फक्त ग्राहकाच्या शब्दावर बोनस दिला, तिने विमा दिल्यापासून २१ दिवसांच्या आत आधीच्या कंपनीला पत्र लिहून खात्री करून घ्यायची, आणि आधीच्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. प्रीमियम घेताना विचारायचं नाही आणि क्लेम आल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी विचारायचं, हे चालतं का? याच मुद्द्यावर अनेक प्रकरणं राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेली आहेत. काही ठिकाणी आयोगाने कंपनीला सुनावलं की तुम्हीच नियम पाळला नाही, क्लेम नाकारता येणार नाही. काही ठिकाणी रक्कम कापून क्लेम द्यायला लावला. आणि काही ठिकाणी ग्राहक पूर्ण हरला, कारण खोटं ते खोटं. तेव्हा हा नियम ढाल आहे, पण तिला भोकं आहेत. तिच्या भरवशावर कोणी खोटी टिक करू नका.

ताईने काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, त्यात एकच प्रश्न: माझ्या बोनसची खात्री तुम्ही कोणत्या तारखेला केली, त्या पत्राची प्रत द्या. उत्तर आलं ते गोल-गोल. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवली, त्यांचा फोन नंबर १५५२५५. महिना उलटल्यावर विमा लोकपालाकडे अर्ज. पुण्यात नारायण पेठेत त्यांचं ऑफिस आहे. फी नाही, वकील नाही, ऑनलाइन अर्ज चालतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. तुम्हा सगळ्यांना उपयोगाची गोष्ट म्हणजे, लोकपालाकडे फक्त घरगुती पॉलिसीच नाही, तर एकट्या मालकीच्या धंद्याची आणि सूक्ष्म उद्योगाची पॉलिसीसुद्धा चालते. म्हणून उद्यम नोंदणी करा, करा, असं मी घसा कोरडा करून सांगतो.

तिचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. आल्यावर सांगेन, कसाही आला तरी.

लोकपालाकडे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची. इथे कंपन्यांचे वकील एक जुना मुद्दा काढायचे, की हा धंदेवाईक माणूस आहे, ग्राहक नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात त्यावर उत्तर दिलं: विमा नफा कमावण्यासाठी नाही, नुकसान भरून निघण्यासाठी घेतात, म्हणून धंद्यासाठी विमा घेणाराही ग्राहक ठरू शकतो. ते प्रकरण गुजरातमधल्या २००२ च्या जाळपोळीच्या नुकसानीचं होतं. बघा, किती वर्षं लागली.

ताईच्या फाइलमध्ये आणखी एक काटा निघाला, आणि तो तुमच्यापैकी निम्म्यांच्या पायात आहे. गाडी खासगी, पांढरी नंबरप्लेट, आणि डिकीत मसाल्याचे बॉक्स. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक बसत नाही. नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. सर्व्हेअरने गाडीचे फोटो काढले त्यात बॉक्स दिसत होते. अटीचा असा भंग झाला तरी क्लेम सरसकट शून्य करायचा नाही, कापून द्यायचा, असा आधार २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात मिळतो. त्यातूनच मंजूर होण्यासारख्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याचा मार्ग पुढे वापरला जातो. म्हणजे निदान सगळं बुडालं असं समजू नका. पण रोजचा माल वाहायचा असेल तर पिवळ्या पाटीची गाडी घ्या. तिथे गणित वेगळं पडतं: साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला थर्ड पार्टीच १६,०४९ रुपये, त्यावर बोनस नाही, म्हणून '५० टक्के सूट' ऐकून एकूण बिल निम्मं होईल असं धरू नका.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आधीच्या मालकाचे ५० टक्के तुम्हाला मिळत नाहीत, आणि गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. आमच्या एमएच ४२ ला कागद टाकून आलो म्हणजे विमा झाला असं समजणारे खूप आहेत. आरसी वेगळी, पॉलिसी वेगळी. विकणाऱ्याने उलट करायचं: कंपनीकडून बोनसचं सर्टिफिकेट मागून घ्यायचं, ते तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर एकही क्लेम न घेता बोनस जातो, तो सगळ्यात मूर्खपणाचा तोटा. माझ्या सख्ख्या मामाने ५० टक्के असे घालवलेत. लग्नसराईत विसरले.

आणि ज्यांनी आधीच ती चुकीची टिक केलीय, स्वतः किंवा दुसऱ्याच्या हाताने, त्यांनी आज रात्री पॉलिसीची पीडीएफ उघडा. पहिल्या-दुसऱ्या पानावर 'एनसीबी' समोरचा आकडा बघा. चुकीचा असेल तर कंपनीला ईमेल करा: बोनस चुकून लागलाय, फरकाची रक्कम कळवा, भरतो. फरक भरल्यावर दुरुस्तीचा कागद मिळतो, त्याला एंडोर्समेंट म्हणतात. तो जपून ठेवा. हे अपघाताच्या आधी करायचं काम आहे. मी हे व्हिडिओत बोललो त्या आठवड्यात आमच्या बॅचमधल्या तिघांनी पीडीएफ उघडल्या आणि दोघांचा आकडा चुकीचा निघाला. एकाला तर आपला क्लेम झाला होता हेच आठवत नव्हतं. काच बदलली होती, दोन वर्षांपूर्वी, गॅरेजवाल्याने परस्पर कॅशलेस करून टाकलं होतं.

माझं स्वतःचं रिन्युअल परवा झालं. काकांनी मेसेज पाठवला: बोनस २० टक्के. खाली त्यांनी लिहिलं होतं, "या वेळी भांडायचं असेल तर चहाला ये."

पुढच्या गुरुवारी पिकअपचा विमा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा घोळ यावर बोलू. पॉलिसी हाताशी ठेवून व्हिडिओ बघा.